ऑस्टिन, जेन : खासगी आयुष्य

इंग्रज कादंबरीकर्ती जेन ऑस्टिन (१६ डिसेंबर १७७५ – १८ जुलै १८१७) हिच्या घरगुती आयुष्याची माहिती मुख्यतः तिच्या पत्रांतून आणि नातलगांच्या आठवणींतून मिळते. तिने सुमारे ३,००० पत्रे लिहिली असावीत, असा अंदाज आहे. आज जेमतेम १६० उरली आहेत. थोरली बहीण कॅसॅन्ड्रा हिने म्हातारपणी, १८४० नंतरच्या काही वर्षांत, बरीचशी पत्रे जाळली आणि ठेवली त्यांतल्या काहींचे तुकडे कापून टाकले. त्यामुळे पुढच्या चरित्रकारांना कॅसॅन्ड्राने मागे ठेवले तेवढ्यावरच भागवावे लागले.

जेनचा जन्म हॅम्पशरमधील स्टीव्हन्टन गावी झाला. वडील जॉर्ज ऑस्टिन गावच्या चर्चचे धर्मोपदेशक होते. मिळकत पुरत नसल्याने ते इतरांचे मुलगे घरी ठेवून घेऊन शिकवत आणि शेतीही पाहत. आठ भावंडांत जेन सातवी. बहिणी दोघीच, आणि दोघीही शेवटपर्यंत अविवाहित राहिल्या. भाऊ एडवर्ड श्रीमंत, निपुत्रिक नाइट दांपत्याकडे दत्तक गेला; फ्रान्सिस आणि चार्ल्स आरमारात शिरले.

या कुटुंबाचा हिंदुस्थानशी जवळचा संबंध होता. आत्या फिलाडेल्फिया १७५२ मध्ये नवरा मिळवण्यासाठी जहाजाने इकडे आली आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या टायसो हॅनकॉक या शल्यवैद्याशी तिचे लग्न झाले. त्यांची मुलगी इलायझा १७६१ मध्ये कलकत्त्यात जन्मली. वॉरन हेस्टिंग्ज तिचा धर्मपिता. इलायझाच्या फ्रेंच नवऱ्याचा १७९४ मध्ये पॅरिसला शिरच्छेद झाला. पुढे तिने जेनचा भाऊ हेन्री याच्याशी लग्न केले, म्हणजे आतेबहीण वहिनी झाली. जेनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी हेस्टिंग्जला आवडल्याचे १८१३ मध्ये कळले तेव्हा जेन हरखून गेली होती.

तिच्या प्रेमाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, पण आधार तुटपुंजा आहे. वयाच्या विसाव्या वर्षी तिची टॉम लफ्रॉय या आयरिश तरुणाशी ओळख झाली. जानेवारी १७९६ मधील पत्रांत, म्हणजे उपलब्ध पत्रांपैकी अगदी पहिल्या पत्रांत, ती त्याच्याबरोबरच्या नाचांबद्दल थट्टेने लिहिते. दोघांकडेही पैसा नव्हता. लफ्रॉयला लवकरच तिथून हलवण्यात आले. पुढे तो आयर्लंडचा सरन्यायाधीश झाला. सिनेमांनी या ओळखीची मोठी शोकांतिका केली आहे, ती मूळ पत्रांच्या मानाने फारच फुगलेली वाटते.

लग्नाचा खरा प्रस्ताव आला तो २ डिसेंबर १८०२ रोजी. मॅनिडाउन या जहागिरीचा वारस हॅरिस बिग-विदर याने मागणी घातली. जेन सत्ताविशीला टेकलेली, तो एकवीस वर्षांचा. रात्री तिने होकार दिला आणि सकाळी तो मोडला. हे लग्न झाले असते तर आई आणि बहीण यांचीही सोय झाली असती. नकाराचे कारण तिच्या शब्दांत कुठेच सापडत नाही, कारण १८०१ च्या मध्यापासून सप्टेंबर १८०४ पर्यंतचे एकही पत्र शिल्लक नाही.

जानेवारी १८०५ मध्ये बाथ येथे वडील वारले आणि तिघी मायलेकी भावांच्या मदतीवर राहू लागल्या. काही वर्षे साउदॅम्प्टनला काढल्यावर १८०९ मध्ये एडवर्डने चॉटन गावातले घर त्यांना दिले. मैत्रीण मार्था लॉइडही तिथे राहायची. घरकामाचा बराच भार कॅसॅन्ड्रा व मार्था उचलत. जेन सकाळी पियानो वाजवी, नाश्ता तयार करी आणि चहा-साखरेचा साठा सांभाळी. बाकीचा बराच वेळ लिहायला मोकळा मिळे. तिच्या चारही हयातीत छापलेल्या कादंबऱ्या या घरात राहत असतानाच बाहेर पडल्या. पहिलीवर ‘एका स्त्रीकडून’ एवढेच छापले होते. तिच्यातून १४० पौंड मिळाले, तर ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे हक्क ११० पौंडांना विकले गेले. ही तिची स्वतःची कमाई, आणि पत्रांत ती पैशांविषयी मोकळेपणाने बोलते.

१८१६ पासून तब्येत ढासळली. आजार कोणता, यावर अजून वाद आहे. एप्रिल १८१७ मध्ये केलेल्या मृत्युपत्रात तिने ५० पौंड हेन्रीला, ५० पौंड त्याच्या घरच्या मादाम बिझाँ या वृद्ध कारभारणीला आणि उरलेले सर्व कॅसॅन्ड्राला ठेवले. विंचेस्टरमध्ये उपचार चालू असतानाच एक्केचाळिसाव्या वर्षी ती गेली. तेथील कॅथीड्रलमधील शिळेवर तिच्या गुणांची स्तुती आहे, कादंबऱ्यांचा उल्लेख नाही.

भाचा जेम्स एडवर्ड ऑस्टिन-ली याने १८६९ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या चरित्राने शांत, सोशिक आत्याची प्रतिमा रुजवली. पत्रांतली जेन तशी नाही. एका बाईला मृत मूल झाले तेव्हा, तिची नजर चुकून नवऱ्यावर पडली असावी, असे ती लिहून जाते. लाडकी भाची फॅनी नाइट हिने म्हातारपणी आत्या पुरेशी सुसंस्कृत नव्हती, असे मत नोंदवले. फॅनीकडे सापडलेली पत्रे मात्र तिच्याच मुलाने, लॉर्ड ब्रेबर्नने, १८८४ मध्ये छापली.