हेमचंद्र-फिबोनाची क्रमिका

पहिली दोन पदे १, १ आणि पुढचे प्रत्येक पद आधीच्या दोन पदांची बेरीज, अशी संख्याक्रमिका : १, १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५... पीसाचा लिओनार्दो ऊर्फ फिबोनाची याच्या ‘लिबर अबाची’ (१२०२) या ग्रंथातील सशांच्या उदाहरणामुळे ती यूरोपात रुजली. फिबोनाचीचे नाव तिला मिळाले ते १९ व्या शतकात, एदुआर लुका या फ्रेंच गणितज्ञामुळे.

भारतात ती छंदःशास्त्रातून आली. लघूची (ल) मात्रा एक, गुरूच्या (गा) दोन. तर ठरावीक मात्रा किती प्रकारांनी भरता येतील? चार मात्रांचे प्रकार पाच : गागा, ललगा, लगाल, गालल, लललल. शेवटी ‘ल’ असलेल्या तिघांतून तो ‘ल’ काढला, की तीन मात्रांचे सगळे प्रकार उरतात. शेवटी ‘गा’ असलेल्या दोघांतून ‘गा’ काढला, की दोन मात्रांचे. म्हणून ३ + २ = ५. बेरजेचा नियम इथे वरून लादलेला नाही, तो उच्चारातूनच निघतो. याच हिशेबाने आठ मात्रांचे प्रकार ३४ होतात.

हा नियम प्रथम कोणी सांगितला, याबद्दल एकमत नाही. प्राचीन छंदःशास्त्रकार पिंगलाच्या ‘मिश्रौ च’ या सूत्रात तो सूचित आहे, असे काही अभ्यासक मानतात; परंतु सूत्र इतके त्रोटक आहे की हा अर्थ लावताना उत्तरकालीन टीकाकारांवरच विसंबावे लागते. विरहांकाच्या ‘वृत्तजातिसमुच्चय’ या प्राकृत ग्रंथाचा आधार अधिक भक्कम वाटतो. या ग्रंथाचे संपादक ह. दा. वेलणकर यांनी विरहांकाचा काळ साधारण इ. स. ६०० ते ८०० असा धरला आहे. त्यानंतर टीकाकार गोपाल (सु. ११३५) आणि जैन आचार्य हेमचंद्र (सु. ११५०) येतात. तेव्हा हेमचंद्राचे नाव रूढ झाले असले, तरी मान विरहांकाकडे जातो.

क्रमिकेतील पदांच्या बेरजा लक्षवेधी आहेत. १ + १ + २ + ३ + ५ + ८ = २०, म्हणजे २१ वजा १. प्रत्येक पद हे पुढच्या दोन पदांची वजाबाकी असते (८ = २१ − १३, ५ = १३ − ८); त्यामुळे बेरीज करताना मधली पदे एकमेकांना खोडतात आणि दोन टोके उरतात. एकक स्थानचे अंक ६० पदांनंतर पुन्हा तसेच येतात. लगतच्या पदांचे गुणोत्तर १.६१८... या सुवर्णगुणोत्तराकडे झुकते.

सर्वांत देखणा गुणधर्म खगोलज्ञ कॅसिनीचा (१६८०) : लागोपाठच्या तीन पदांपैकी टोकांचा गुणाकार आणि मधल्याचा वर्ग यांत नेहमी एकाचाच फरक असतो. a, b, a + b ही पदे घेतली, तर फरक a² + ab − b². एक पाऊल पुढे सरकले की हीच राशी चिन्ह बदलून येते. त्यावरच ६४ = ६५ हे कोडे बेतलेले आहे. ८ × ८ चौकटींचा कागद दोन काटकोन त्रिकोण (बाजू ३ आणि ८) आणि दोन समलंब चौकोन (समांतर बाजू ३ आणि ५, उंची ५) असा कापून जोडला, की ५ × १३ चा आयत दिसतो. कर्ण सरळ वाटतो, पण त्रिकोणाचा चढ ३/८ आणि चौकोनाचा २/५ असतो. कर्णालगत एका चौकटीएवढी बारीक फट राहते. १३ × १३ चा कागद याच रीतीने कापला, तर ८ × २१ म्हणजे १६८ चौकटीच मिळतात आणि तुकडे एकमेकांवर चढतात.