फ्लास्क ते रिअ‍ॅक्टर : मोठी बॅच द्यायच्या आधी हे जरूर वाचा

लॅबमध्ये 5 ग्रॅम माल छान निघाला, आता टॉक्स स्टडीसाठी (औषध विषारी आहे का त्याच्या चाचणीसाठी) किलोभर हवाय, मग हीच रेसिपी 200 पट करून टाकली तर? हा प्रश्न आम्हाला, म्हणजे मोठ्या बॅच करणाऱ्या टीमला, सारखा येतो आणि उत्तर नाही असंच आहे, का ते सांगतो.

मुख्य भानगड उष्णतेची. समजा 1 लिटरचं भांडं आणि अगदी त्याच आकाराचं 1000 लिटरचं भांडं (रिअ‍ॅक्टर), लांबी-रुंदी 10 पट झाली, भिंत 100 पट, पण आतला माल 1000 पट! म्हणजे दर लिटरच्या वाट्याला थंड भिंत दहावा हिस्साच येते. बर्फात फ्लास्क ठेवून जे रिएजंट तुम्ही 10 मिनिटांत घातलं ते इथे तासन्‌तास सोडावं लागतं, घाई केली की तापमान चढतं, रिअ‍ॅक्शन अजून जोरात होते आणि मग जॅकेटमधलं (भांड्याभोवतीच्या आवरणातलं) थंड पाणी पुरत नाही. म्हणून कॅलरीमीटरवर उष्णता मोजल्याशिवाय आम्ही मोठी बॅच रिअ‍ॅक्टरमध्ये भरत नाही, तारीख पुढे गेली तरी चालेल.

आता वेळ वाढला की दुसरं दुखणं सुरू, तयार झालेला माल रिअ‍ॅक्शनमधल्या बेससोबत (अल्कलीसोबत) तासन्‌तास पडून राहतो आणि बिघडू शकतो. हे आम्ही आधीच छोट्या फ्लास्कमध्ये बघतो, सिरिंज पंप लावून तेच रिएजंट मुद्दाम 6 तास हळूहळू घालायचं, दर तासाला सॅम्पल काढून एचपीएलसीला (मालातले घटक वेगळे करून आलेखावर प्रत्येकाचा पीक म्हणजे टोक दाखवणाऱ्या मशीनला) लावायचं. मेन पीकच्या शेजारी एखादा बारीक पीक, म्हणजे भेसळ, दर सॅम्पलला उंच होत चालला की तिथेच थांबतो, मग तापमान खाली आणून बघतो, बेस बदलतो किंवा घालायचा क्रमच उलटा करतो. कंटाळवाणं काम आहे पण आमच्या मते बॅच इथेच वाचते.

रोटाव्हॅपवर (सॉल्व्हंट उडवायच्या लॅबमधल्या फिरत्या उपकरणावर) करतो तसं कोरडं करणं रिअ‍ॅक्टरमध्ये जमत नाही, स्टररखाली काहीतरी लिक्विड लागतंच, म्हणून डिस्टिल करत करत सॉल्व्हंट बदलतो. माल शुद्ध करायला कॉलमऐवजी (सिलिका भरलेल्या नळीऐवजी) शक्यतो क्रिस्टलायझेशन. सॉल्व्हंट म्हणून हेक्झेनच्या जागी हेप्टेन, कारण औषधात उरलेलं हेक्झेन 290 पीपीएमपर्यंतच चालतं, हेप्टेन 5000 पर्यंत.

आणि क्रिस्टल कुठल्या फॉर्ममध्ये (रेणूंच्या कुठल्या मांडणीत) येतोय तेही लवकर बघून घ्या. रिटोनाविर हे एचआयव्हीवरचं औषध 1996 ला बाजारात आलं आणि 1998 मध्ये त्याचा कमी विरघळणारा नवीनच फॉर्म निघाला, कॅप्सूल मागे घ्यावी लागली.

आम्हाला पाठवताना फक्त फायनल रेसिपी पाठवू नका, नोटबुकची पानं पाठवा, फसलेल्या बॅचचीसुद्धा. रंग कधी बदलला, ढवळताना गोळा झाला का, फिल्टर व्हायला किती वेळ लागला, एक रात्र तसंच ठेवलं होतं का, हे सगळं हवंय.