शाईची रेघ श्वास कसा मोजते

दहीहंडी जवळ आली की ठाण्यात गोविंदा पथकांचे टी-शर्ट छापण्याची लगबग सुरू होते. फ्रेमवर ताणलेली जाळी, तिच्यावर शाई आणि वरून फिरणारी स्क्विजी, म्हणजे शाई दाबून पसरवणारं रबरी पातं. छातीवर चिकटवून श्वास मोजायची पट्टीही अशीच छापता येते. फक्त कापडाच्या जागी ताणली जाणारी पातळ फिल्म आणि रंगाच्या जागी चांदीची शाई. सेन्सर म्हणजे चिपच, असं अनेकांना वाटतं. पण ग्लुकोमीटरच्या कितीतरी पट्ट्यांवरचे कार्बनचे इलेक्ट्रोडही छापलेलेच असतात. त्या पट्टीला रक्ताचा थेंब मात्र लागतोच. सुई न टोचता साखर सांगण्याचा दावा करणाऱ्या घड्याळांवर आणि अंगठ्यांवर विसंबू नका, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या अन्न आणि औषध नियामक संस्थेने फेब्रुवारी 2024 मध्ये दिला आहे. तरीही ती विकली जातात आणि घेतली जातात, याची मला खरोखर काळजी वाटते.

श्वास घेताना छाती फुगते आणि छातीवरची छापील पट्टी ताणली जाते. तार ताणली की ती लांब आणि बारीक होते, म्हणून तिचा विद्युतरोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो. हे भौतिकशास्त्रज्ञ केल्विन यांनी 1856 मध्ये दाखवलं. धातूत हा बदल किरकोळ असतो: लांबी एक टक्का वाढली तर रोध साधारण दोन टक्के वाढतो. शाईचं गणित निराळं आहे.

शाईत चांदीचे सूक्ष्म, चपटे कण रेझिन या चिकट पदार्थात विखुरलेले असतात. चांदी वितळते 962 अंश सेल्सिअसला. तेवढं तापमान फिल्म सोसणार नाही. म्हणून बऱ्याच कमी तापमानाला नुसती शाई वाळवतात. ती आकसते, कण एकमेकांना टेकतात आणि वीज कणाकणातून वाट काढते. कण कमी असतील तर वाट मध्येच तुटते. ते वाढवत नेले की एका ठरावीक प्रमाणाला या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड साखळी एकदम जुळते. गोल कणांसाठी हा उंबरठा आकारमानाच्या सुमारे 16 टक्क्यांवर असतो; चपट्यांना त्याहून कमी पुरतं. ब्रॉडबेंट आणि हॅमर्सली यांनी 1957 मध्ये हा पर्कोलेशनचा सिद्धांत मांडला, आणि त्याचं मूळ होतं गॅस मास्कमधल्या सच्छिद्र कोळशाच्या प्रश्नात!

आता शाईतली चांदी उंबरठ्याच्या जेमतेम वर ठेवा. श्वास घेतला, फिल्म ताणली, काही कण सुटे झाले. वाटा मुळातच मोजक्या, त्यातल्या काही बंद पडल्या. रोध तारेच्या कितीतरी पट वाढतो. श्वास सोडल्यावर कण पुन्हा टेकतात, पण सगळेच लगेच नाही, म्हणून आकडा किंचित रेंगाळतो.

अंगाच्या उष्णतेनेही रोध बदलतो. त्यावर उपाय म्हणून शेजारीच, ताण पडणार नाही अशा दिशेने, दुसरी रेघ छापतात. ती फक्त तापते. मग व्हीटस्टन ब्रिजमध्ये, म्हणजे रोधांची तुलना करणाऱ्या मंडलात, दोन्ही रेघा जोडल्या की उष्णतेचा परिणाम वजा होतो आणि श्वासाचा तेवढा उरतो.