वाकलेलं लोखंड आणि उलटा विस्तव

ट्रक अडकून पुलाचा गर्डर वाकला की आपल्याला वाटतं, आता तो बदलणार किंवा हातोड्याने ठोकून सरळ करणार. अमेरिकेत असे कित्येक गर्डर गॅसच्या ज्योतीने जागच्या जागी सरळ केले गेलेत. "तापवून मऊ करायचं आणि ठोकायचं" ही लोहाराची रीत खरीच, पण ही तऱ्हा वेगळी. इथे ठोकणारा कोणी नसतो.

मी हे एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये शिकलो. ७५ मिलिमीटर रुंद, १० जाड अशी फ्लॅटपट्टी रुंदीच्या दिशेने धनुष्यासारखी वाकली होती. "कुठे तापवाल?" मिस्त्रींनी विचारलं. मी आतली, दबलेली बाजू दाखवली. म्हटलं, तापली की लांबेल.

"उलटं, साहेब. जी लांब झालीय तिला आखूड करायचंय."

त्यांनी बाहेरच्या फुगीर काठावर खडूने व्ही काढला, तोंड काठाकडे, टोक आतल्या बाजूला. टोकापासून ज्योत नागमोडी फिरवत ते काठापर्यंत आले. पट्टी आणखी वाकली! मी त्यांच्याकडे पाहिलं. ते विडी शोधत होते.

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात, निवली की आवळते, हे शाळेत शिकलेलं असतं. पण तापून वाढलं तेवढंच निवून आटलं, तर पट्टी होती तशीच राहायला हवी. मग आखूड कशी होते? तर तापलेल्या भागाला शेजारचं थंड लोखंड पसरू देत नाही. पोलाद दर अंशाला लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांश वाढतं. ती वाढ पूर्ण अडवली, तर दर अंशाला साधारण २.४ मेगापास्कल दाब चढतो. साध्या पोलादाची सहनशक्ती २५० मेगापास्कल, म्हणजे शंभरेक अंश वाढले की ते कायमचं दबायला लागतं. प्रत्यक्षात अडवणूक अर्धवट असते, पण ६०० अंशांच्या पुढे पोलादाची ताकदही निम्म्याहून कमी होते. लांबीत जागा नाही, म्हणून माल जाडीत फुगतो. निवताना मात्र तो सगळ्याच बाजूंनी आटतो, आणि वाढताना जितकी लांबी मिळाली होती त्यापेक्षा जास्त गमावतो. व्हीचं तोंड काठाला रुंद, म्हणून काठ जास्त आखूड होतो आणि बाक उलगडतो.

साध्या पोलादाला तापवायची मर्यादा साधारण ६५० अंश सेल्सिअसची. ७२७ च्या वर पोलादाची स्फटिकरचनाच बदलू लागते. त्यात पाणी ओतलं तर ते कडक आणि ठिसूळ होऊ शकतं. रंगावर भरवसा ठेवू नका, सावलीत लाल दिसणारी पट्टी उन्हात काळी दिसते. ठरावीक तापमानाला वितळणारे खडू मिळतात, ते वापरावेत. अमक्या विहिरीचं पाणी पाजलेलं पातं कधी बोथटत नाही म्हणतात, शनिवारी लोखंड घेऊ नये म्हणतात. पोलादाला वार कळत नाही, तापमान आणि निवण्याचा वेग कळतो.

पट्टी हात लावण्याइतकी निवायला बराच वेळ गेला. मिस्त्रींनी दोरी ताणून धरली, बाक थोडासाच उतरला होता. दुसरा व्ही त्यांनी जरा बाजूला काढला. मी पहिल्या जागेवरून अंगठा फिरवला, तर काठाजवळ बारीक फुगवटा लागला.