दोन दिवसांनी परत येणारा डाग

गालिचा गरम पाण्याच्या मशीनने धुतला. ओला असताना डाग पूर्ण गेलेला दिसला. दोन दिवसांनी गालिचा कोरडा झाला, तर तोच डाग त्याच जागी, थोडा पसरून, पुन्हा हजर. मग दोष दिला जातो साबणाला, नाहीतर ‘वाफ कमी पडली’ असं म्हटलं जातं. बहुतेक वेळा दोष दोन्हींचा नसतो. डाग खालून येतो, आणि तो वर कसा चढतो हे कळलं की मशीन कसं चालवायचं तेही बरंचसं कळतं.

आधी वाफेबद्दल. या मशीनला सर्रास ‘स्टीम क्लीनर’ म्हणतात, पण त्यात वाफ नसते. एका टाकीत गरम पाणी असतं, पंप ते दाबाने नोझलमधून गालिच्यावर फवारतो आणि नोझलशेजारची अरुंद फट ते लगेच शोषून दुसऱ्या टाकीत नेते. टाकीत पाणी ८०-९० अंश सेल्सिअस असलं तरी फवाऱ्याचे बारीक थेंब हवेतून जाताना आणि थंड तंतूंवर पडताना झपाट्याने निवतात. त्यामुळे ‘वाफेने सगळे जंतू मरतात’ ही जाहिरात या मशीनला लागू होत नाही.

मग उष्णतेचा उपयोग काय? २० अंशांवर पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभाग आकसून धरणारी ओढ, सुमारे ७२.८ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो, ६० अंशांवर ६६ च्या आसपास. म्हणजे दहा टक्क्यांचाही फरक नाही. श्यानता, म्हणजे पाण्याचा वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, मात्र त्याच दोन तापमानांत निम्म्याहून कमी होते. गरम पाणी तंतूंमध्ये चटकन शिरतं आणि शोषताना चटकन निघतंही. शिवाय चिकट तेलकट थर मऊ होतो आणि साबणाची क्रिया वेगाने होते. पृष्ठताण खाली आणायचं काम साबणाचं. तो ३० च्या आसपास आणतो, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे जास्तीचे रेणू पाण्यातच मायसेल नावाचे गोळे करून राहतात आणि पृष्ठताण आणखी उतरत नाही. डबा दुप्पट ओतला तर सफाई दुप्पट होत नाही, चिकट अवशेष मात्र मागे राहतो आणि नवी धूळ पकडतो.

धुलाईची घडण हेंकेल कंपनीतले रसायनतज्ज्ञ हर्बर्ट झिनर यांनी १९५९ साली चार घटकांच्या वर्तुळात मांडली: रसायन, तापमान, घासणं आणि वेळ. एक कमी पडला तर बाकीच्यांनी भरून काढावा लागतो. गालिच्यावर सर्वात जास्त चुकवला जातो तो वेळ. साबणाचं द्रावण टाकीत न घालता आधी वेगळ्या फवारणीच्या डब्यातून मारावं, ब्रशने लवेत, म्हणजे गालिच्याच्या उभ्या तंतूंत, मुरवावं आणि १० ते १५ मिनिटं थांबावं. ते वाळू द्यायचं नाही. मशीनच्या टाकीत त्यानंतर नुसतं गरम पाणी किंवा सौम्य आम्लधर्मी रिन्स, म्हणजे साबण धुऊन काढणारं द्रावण, घालावं. त्याही आधी कोरडा व्हॅक्यूम सावकाश, उभा आणि आडवा मारायचा, कारण गालिच्यातली बहुतेक घाण कोरडी धूळ असते आणि एकदा भिजली की तिचा चिखल होतो.

इथे एक अपवाद. रक्त, दूध, अंडं यांतली प्रथिनं उष्णतेने गोठतात आणि तंतूंना घट्ट धरतात. असे डाग आधी थंड पाण्याने काढायचे, मगच गरम पाणी.

आता डागाकडे. गालिच्याचं एक सूत जवळून पाहिलं तर ते केसापेक्षाही बारीक अशा शेकडो तंतूंचा पीळ असतं आणि तंतूंच्या मधल्या फटी काही दशांश मिलिमीटरपेक्षाही लहान असतात. अशा फटीत पाणी आपोआप वर चढतं. हेच केशाकर्षण, दिव्याच्या वातीत तेल चढतं तेच. किती चढेल त्याचं सूत्र शाळेतल्या भौतिकशास्त्राचंच आहे: पृष्ठताणाची दुप्पट, भागिले घनता, गुरुत्वत्वरण आणि फटीची त्रिज्या यांचा गुणाकार. त्रिज्या ०.०५ मिलिमीटर धरली आणि पाण्याने तंतू पूर्ण ओला होतो असं मानलं तर उत्तर येतं सुमारे ३० सेंटिमीटर. साबणाने पृष्ठताण ३० पर्यंत उतरला तरी १२ सेंटिमीटर राहतात. गालिच्याची लव जेमतेम एक-दीड सेंटिमीटरची! म्हणजे तळाशी उरलेला प्रत्येक थेंब टोकापर्यंत पोहोचण्याइतकं बळ त्या पिळात आहे.

पाणी वाळतं कुठे, तर हवा लागते तिथे, तंतूंच्या टोकांवर. टोकाचं पाणी उडालं की त्याची जागा घ्यायला खालून पाणी येतं आणि येताना पाठीच्या कापडापर्यंत झिरपलेली जुनी घाण विरघळवून आणतं. पाणी उडून जातं, घाण टोकावर बसते. ओलसर भिंतीवर पांढरा खार फुटतो त्यामागेही हीच क्रिया असते. वरून पुन्हा धुतलं, पुन्हा जास्त पाणी ओतलं, तर खालचा साठा आणखी विरघळतो आणि डाग पुन्हा येतो.

म्हणून या कामात घातलेल्या पाण्यापेक्षा परत काढलेलं पाणी महत्त्वाचं. हे मोजता येतं. स्वच्छ पाण्याच्या टाकीतून २० लिटर गेले आणि घाण पाण्याच्या टाकीत १२ जमले, तर जवळजवळ ८ लिटर गालिच्यात आहेत. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६७ युनिट ऊर्जा लागते, म्हणजे आठ लिटरांना पाच युनिटांहून जास्त, आणि ती खोलीच्या हवेतूनच यावी लागते. बंद, थंड खोलीत गालिचा दिवसभर ओला राहतो तो यामुळे.

हातातला दांडा, म्हणजे वँड, मागे ओढताना काम करतो. ओढताना ट्रिगर दाबायचा, ३० सेंटिमीटरला सुमारे दोन सेकंद इतक्या गतीने. ओढ संपायच्या १०-१५ सेंटिमीटर आधी ट्रिगर सोडायचा, म्हणजे शेवटचं पाणी शोषलं जातं. मग त्याच पट्ट्यावर ट्रिगर न दाबता दोनदा ओढायचं. पट्टे दोन-तीन सेंटिमीटर एकमेकांवर यावेत. वँडला पारदर्शक भाग असेल तर त्यात पाहावं: थेंब धावताना दिसेनासे झाले की तो पट्टा झाला. शोषण्याच्या फटीचे दोन्ही ओठ गालिच्यावर पूर्ण टेकलेले हवेत. दांडा वाकडा धरला आणि ओठ थोडा जरी उचलला तरी हवा लवेतून न येता वरच्या मोकळ्या वाटेने येते, मोटर गरजत राहते आणि पाणी खालीच राहतं. दाब गालिच्यासाठी २०० ते ४०० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) पुरतो. सोफ्याच्या कापडाला १०० च्या आसपासच ठेवावा.

बिघाड बहुतेक ठरलेले असतात. पट्ट्यापट्ट्याने गालिचा मळका राहिला तर एखादं नोझल अर्धवट बुजलं आहे, सहसा जड पाण्याच्या क्षारांनी. ते सायट्रिक आम्लाच्या द्रावणात भिजवावं. टाचणीने टोकरू नये, छिद्र मोठं झालं की फवारा बिघडतो. साबणाची पावडर आधी वेगळी विरघळवून घ्यावी. मोटरचा आवाज एकदम चढला तर शोषण वाढलं असं वाटतं, होतं उलटं: घाण पाण्याची टाकी भरून तरंगता गोळा हवेची वाट अडवतो आणि मोटर भाराविना जोरात फिरू लागते. फेस त्या गोळ्याला चुकवून मोटरपर्यंत पोहोचतो, म्हणून फेसनाशक घाण पाण्याच्या टाकीत घालतात. शोषण कमी वाटलं तर पाइपचं तोंड तळहाताने बंद करावं. हात घट्ट ओढला गेला तर गळती वँडमध्ये आहे, नाहीतर पाइपात किंवा झाकणाच्या रबरात.

लोकर आणि ज्यूटची पाठ असलेल्या गालिच्यांना वेगळी वागणूक लागते. लोकरीला सामू ८ च्या वरचा साबण आणि कढत पाणी नको. ज्यूट जास्त भिजला की तपकिरी रंग सोडतो, आणि तोही त्याच वातीने वर येतो. आधी एका कोपऱ्यात पांढरं ओलं फडकं दाबून रंग सुटतो का ते पाहावं. फर्निचरच्या पायांखाली फॉइलचा तुकडा ठेवावा, नाहीतर गंज आणि लाकडाचा रंग लवेत उतरतो.

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र ओतून फसफसणारा ‘चमत्कार’ दाखवणारे व्हिडिओ खूप फिरतात. आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरतं सोडियम अॅसिटेटचं खारट पाणी. फेस येणं म्हणजे घाण निघणं नव्हे. घाण पाण्याच्या टाकीतलं काळं पाणी दाखवून ‘पाहा किती निघालं’ म्हणणंही अपुरं आहे, किती उरलं ते त्यातून कळत नाही.

काम झाल्यावर पंखा जमिनीलगत, वारा लवेवरून जाईल असा लावावा. सहा ते आठ तासांत गालिचा कोरडा व्हावा. तो २४ तासांच्या पुढे ओला राहिला तर बुरशीचा धोका वाढतो. आणि जुना, खोल डाग पुन्हा चढणार अशी शंका असेल तर त्या जागी शोषून झाल्यावर पांढऱ्या सुती कापडाची जाड घडी ठेवावी आणि वर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं वजन. पाणी आता तंतूंच्या टोकांवर न थांबता कापडात चढतं आणि तिथेच वाळतं. सकाळी घडी उचलली की तपकिरी वर्तुळ कापडावर असतं.