क्रीडा विभाग, अमेरिकी महाविद्यालयांतील

अमेरिकेतील महाविद्यालये आणि विद्यापीठे आपले संघ ज्या स्वतंत्र खात्यामार्फत चालवतात, तो क्रीडा विभाग. त्याचा प्रमुख तो क्रीडा संचालक. कोणत्या खेळांचे संघ ठेवायचे, प्रशिक्षक कोण नेमायचे, शिष्यवृत्त्या कशा वाटायच्या, मैदाने कुठे बांधायची, तिकिटे, देणग्या आणि प्रक्षेपण यांतून पैसा कसा उभारायचा, खेळाडू अभ्यासात मागे पडत नाहीत ना हे कुणी पाहायचे, असा सगळा पसारा या एका खुर्चीकडे येतो. आपल्याकडे महाविद्यालयाचे शारीरिक शिक्षण संचालक आणि जिमखाना समिती मिळेल त्या निधीतून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना संघ पाठवतात. त्या अनुभवावरून अमेरिकेतील मोठ्या विभागाचा अंदाज बांधता येत नाही. तिथल्या आघाडीच्या विभागांचे वार्षिक अंदाजपत्रक २० कोटी डॉलरच्याही वर गेले आहे. लहान महाविद्यालयात मात्र संचालक स्वतःच एखाद्या संघाचा प्रशिक्षकही असतो.

विभाग चालवणे आणि वाढवणे यांत दोन प्रश्न सतत उभे राहतात: संचालक उत्तरदायी कुणाला, आणि विभाग वाढतो तेव्हा खेळायची संधी कुणाची वाढते. या संस्थेचा इतिहास या दोन प्रश्नांभोवती फिरतो.

सुरुवातीला विभाग नव्हताच. ३ ऑगस्ट १८५२ रोजी हार्वर्ड आणि येल यांच्यात न्यू हॅम्पशरमधील विनिपेसॉकी सरोवरावर नौकांची शर्यत झाली. अमेरिकेतील ही पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. तिचा खर्च एका रेल्वे कंपनीने उचलला होता, म्हणजे बाहेरचा पैसा पहिल्या दिवसापासून आहे. संघ विद्यार्थीच चालवत. कर्णधार निवडणे, वर्गणी जमवणे, सामने ठरवणे ही कामे त्यांचीच. फुटबॉलला (हा अमेरिकी फुटबॉल, आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो तिथे सॉकर) गर्दी जमू लागली तसे माजी विद्यार्थी हिशेबात शिरले आणि मग प्राध्यापकांना लक्ष घालावे लागले. जानेवारी १८९५ मध्ये सात विद्यापीठांचे अध्यक्ष शिकागोत जमले. खेळांवर शिक्षकांचे नियंत्रण असावे, हा त्यांचा आग्रह होता. पुढे ‘बिग टेन’ म्हणून गाजलेली परिषद (म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) त्यातूनच उभी राहिली.

आजच्या अर्थाने पहिल्या क्रीडा संचालकांपैकी एक म्हणजे एमॉस अलोन्झो स्टॅग. नव्याने स्थापन झालेल्या शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी १८९२ मध्ये त्यांना नेमले ते शारीरिक शिक्षण व क्रीडा खात्याचे प्रमुख म्हणून, प्राध्यापकाच्या दर्जाची कायम नोकरी देऊन. प्रशिक्षकाला अध्यापकवर्गात बसवणे ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. नव्या विद्यापीठाचे नाव देशभर व्हावे, हा हार्पर यांचा हेतू होता आणि स्टॅग यांच्या संघांनी तो पुरा केला. सर्वोत्तम महाविद्यालयीन फुटबॉलपटूला दिला जाणारा, पुढे ‘हाइसमन’ म्हणून ओळखला गेलेला करंडक १९३५ मध्ये पहिल्यांदा दिला गेला, तोही शिकागोच्याच जे बेरवँगर याला. चारच वर्षांनी, १९३९ मध्ये, अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्या कारकिर्दीत विद्यापीठाने फुटबॉल संघच बंद केला. एका अध्यक्षाच्या इच्छेने उभा राहिलेला विभाग दुसऱ्याच्या इच्छेने आक्रसला. संचालकाला अध्यक्षाच्या मर्जीबरोबरच संस्थेत आपल्या कामाबद्दल सहमती का घडवावी लागते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

दरम्यान १९०५ च्या हंगामात फुटबॉल खेळताना किमान १८ तरुण दगावले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी प्रमुख महाविद्यालयांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावले. १९०६ मध्ये महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी जी संघटना स्थापन झाली तिला १९१० पासून एनसीएए हे नाव आहे. १९७३ मध्ये तिने सदस्य संस्थांची तीन विभागण्यांत वाटणी केली. पहिल्या विभागणीत मोठा पैसा आणि पूर्ण शिष्यवृत्त्या, दुसरीत मर्यादित शिष्यवृत्त्या, तिसरीत खेळासाठी शिष्यवृत्तीच नाही. चारशेहून अधिक महाविद्यालयांची ही तिसरी विभागणी संख्येने सर्वांत मोठी आहे, हे दूरचित्रवाणीवर सामने पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही.

विभाग वाढवण्याचे शास्त्र पाहायचे तर मिशिगन विद्यापीठाकडे पाहावे. फील्डिंग योस्ट १९२१ ते १९४० संचालक होते. त्यांनी रोखे विकून १९२७ मध्ये भव्य मिशिगन स्टेडियम उभारले, आणि पुढे लाखभर प्रेक्षक बसतील अशा बेताने पाया घालून ठेवला. फुटबॉलचा पैसा त्यांनी फुटबॉलपुरता ठेवला नाही. बंदिस्त क्रीडागृह, गोल्फचे मैदान आणि संघात नसलेल्या सामान्य विद्यार्थ्यांसाठी १९२८ मध्ये स्वतंत्र इमारत, हे सारे त्यांच्या काळातले. सर्वांसाठी खेळ ही त्यांची घोषणा होती. पण ऑक्टोबर १९३४ मध्ये जॉर्जिया टेकचा संघ कृष्णवर्णीय खेळाडूविरुद्ध उतरायला तयार नव्हता, तेव्हा मिशिगनने आपल्या विलिस वॉर्डला बाहेर बसवले. योस्ट यांच्या इमारती मोजताना हा सामनाही मोजला पाहिजे.

त्याच गादीवर १९६८ ते १९८८ डॉन कॅनम बसले. ते मूळचे धावण्याच्या संघाचे प्रशिक्षक. शिवाय क्रीडासाहित्याचा त्यांचा स्वतःचा व्यवसाय होता. ते आले तेव्हा त्या प्रचंड स्टेडियममध्ये हजारो जागा रिकाम्या राहत. कॅनम यांनी सामना ही अख्ख्या कुटुंबाची शनिवारची सहल आहे, अशी जाहिरात केली आणि घरोघरी माहितीपत्रके पाठवली. १९६९ च्या हंगामापासून बो शेंबेकलर यांना फुटबॉलचे प्रशिक्षक नेमले. ८ नोव्हेंबर १९७५ पासून, महासाथीचा २०२० चा हंगाम सोडला तर, तिथल्या प्रत्येक सामन्याला एक लाखाहून अधिक प्रेक्षक येत आले आहेत. विद्यापीठाच्या खेळाची पद्धतशीर विक्री करणाऱ्या संचालकांचा वर्ग कॅनम यांच्या पिढीने घडवला. त्यासाठी शिक्षणही सुरू झाले होते: ओहायो विद्यापीठात १९६६ मध्ये जेम्स मेसन यांनी क्रीडा प्रशासनाचा देशातला पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. संचालकांची राष्ट्रीय संघटना त्याच्या आदल्या वर्षीची.

तरीही क्रीडा विभागांची खरी वाढ तिकीटविक्रीने झाली नाही. ती झाली एका कायद्याने, आणि तीही बहुतेक संचालकांच्या इच्छेविरुद्ध. २३ जून १९७२ रोजी मंजूर झालेल्या शिक्षणविषयक दुरुस्त्यांतील नवव्या प्रकरणाने, म्हणजे ‘टायटल नाइन’ने, केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या संस्थांत लिंगावरून भेदभावाला मनाई केली. त्या वेळी देशभर महाविद्यालयीन संघांतून खेळणाऱ्या मुली ३० हजारांपेक्षा कमी होत्या. आज त्या दोन लाखांहून अधिक आहेत. पुरुषांचे विभाग बुडतील, अशी ओरड झाली. फुटबॉलसारख्या कमाई करून देणाऱ्या खेळांना कायद्यातून वगळण्याचा प्रस्ताव १९७४ मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, आला, पण टिकला नाही. १९७९ मध्ये सरकारने तीन कसोट्या ठरवल्या: मुलींच्या पटसंख्येच्या प्रमाणात संधी असणे, संधी सातत्याने वाढवत आल्याचा इतिहास असणे, किंवा मुलींची आवड व क्षमता पूर्णपणे सामावून घेतलेली असणे. यांतली एक पुरी केली की पुरे. दुसरी कसोटी मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण ती विभागाच्या वाढीकडेच पुरावा म्हणून पाहते.

हे काम प्रत्यक्षात कसे झाले ते आयोवा विद्यापीठात दिसते. स्कॉटलंडहून आलेल्या क्रिस्टीन ग्रँट १९७३ पासून २००० पर्यंत तिथल्या स्वतंत्र महिला क्रीडा विभागाच्या संचालक होत्या. त्यांनी महिला बास्केटबॉल संघाच्या प्रशिक्षक म्हणून व्हिव्हियन स्ट्रिंगर यांना आणले. ३ फेब्रुवारी १९८५ रोजी ओहायो स्टेटविरुद्धच्या सामन्याला २२,१५७ प्रेक्षक आले, आसनक्षमतेपेक्षा कितीतरी जास्त. महिलांचे सामने कुणी पाहत नाही, हे तोवर गृहीत धरले जात होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियममध्ये गाजलेली खेळाडू केटलिन क्लार्क हिच्या महिला संघाचा बास्केटबॉल सामना पाहायला ५५,६४६ लोक जमले. त्या गर्दीची बीजे ग्रँट यांच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या कार्यालयात आहेत, असे मी निःशंकपणे म्हणेन. ग्रँट निवृत्त झाल्या तेव्हा महिला आणि पुरुष विभाग एकत्र केले गेले. अशा एकत्रीकरणाची किंमत देशभर महिला नेतृत्वाने मोजली: १९७२ मध्ये महिला संघांच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रशिक्षक महिला होत्या, पुढे हे प्रमाण निम्म्याखाली आले. १९७५ मध्ये सॅन डिएगोतील कॅलिफोर्निया विद्यापीठात ज्युडिथ स्वीट एकत्रित विभागाच्या संचालक झाल्या आणि १९९१ मध्ये एनसीएएच्या पहिल्या महिला अध्यक्ष, पण अशी उदाहरणे दीर्घकाळ मोजकीच राहिली.

पैशाचे गणित १९८४ मध्ये पालटले. फुटबॉलच्या प्रक्षेपणावरील एनसीएएची मक्तेदारी सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी मोडली आणि विद्यापीठे व त्यांच्या परिषदा स्वतः सौदे करू लागल्या. २०११ मध्ये टेक्सास विद्यापीठाने स्वतःची वाहिनीच काढली. वीस वर्षांसाठी ३० कोटी डॉलरचा करार. एवढे असूनही बहुसंख्य विभाग स्वतःच्या कमाईवर चालत नाहीत. विद्यापीठाचे अनुदान आणि विद्यार्थ्यांचे शुल्क त्यांना तगवते. देणगीदारांच्या हाती सूत्रे गेली की काय होते, हे सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने दाखवले: खेळाडूंना गुप्तपणे पैसे दिल्याबद्दल १९८७ चा त्यांचा संपूर्ण फुटबॉल हंगाम एनसीएएने रद्द केला.

स्टॅनफर्डची गोष्ट वेगळी आहे. सर्व खेळांतील कामगिरीवर दिला जाणारा डायरेक्टर्स कप या विद्यापीठाने १९९४–९५ पासून सलग २५ वर्षे जिंकला, ३६ खेळांचे संघ बाळगून. जुलै २०२० मध्ये खर्च झेपत नाही म्हणून ११ खेळ बंद करण्याची घोषणा झाली. माजी खेळाडूंनी संघटित विरोध केला आणि मे २०२१ मध्ये विद्यापीठाने निर्णय मागे घेतला. व्हँडरबिल्टने २००३ मध्ये याहून धाडसी प्रयोग केला होता. कुलपती गॉर्डन गी यांनी क्रीडा संचालकाचे पदच रद्द करून खेळ विद्यार्थी जीवनाच्या खात्याखाली आणले. खेळ बुडतील असे भाकीत अनेकांनी केले. पण २००७ मध्ये महिला बोलिंग संघाने विद्यापीठाला पहिले सांघिक राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले, २०१४ मध्ये बेसबॉलचे आले. स्वतंत्र संचालकाचे पद पुढे परत आले. २०२० मध्ये त्यावर कँडिस स्टोरी ली आल्या.

लहान खासगी महाविद्यालयांत वाढीचे कारण साधेच असते. पटसंख्या घसरत असताना नवा संघ काढला की त्या संघासाठी येणारा प्रत्येक विद्यार्थी शुल्क भरतो. तिथे संचालकाच्या कामाचा मोठा भाग प्रवेशासाठी मुले मिळवणे हाच असतो.

१ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचा व्यावसायिक वापर करून कमावण्याची मुभा मिळाली. ६ जून २०२५ रोजी खेळाडू आणि एनसीएए यांच्यातील दाव्यात न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. २०२५–२६ साठी ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २.०५ कोटी डॉलर आहे. खेळाडूंच्या कष्टावर इतर सर्वांनी कमवायचे, हा अन्याय यामुळे काही अंशी दूर झाला. पण अनेक मोठ्या विभागांत या रकमेचा सर्वांत मोठा वाटा फुटबॉलकडे जातो, आणि त्याच अंदाजपत्रकातून पोहणे, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, टेनिस यांचे संघ चालवायचे असतात. अमेरिकेच्या ऑलिंपिक पथकातील बहुसंख्य खेळाडू अशाच संघांतून घडतात. थेट मोबदल्याला टायटल नाइन लागू होते, असे मार्गदर्शन केंद्रीय शिक्षण खात्याने जानेवारी २०२५ मध्ये काढले आणि सरकार बदलताच फेब्रुवारीत मागे घेतले. त्यामुळे आलेला पैसा मुलामुलींत कसा वाटायचा, हे आज प्रत्येक विभाग आपापल्या विधी सल्लागारांना विचारून ठरवत आहे, आणि महिला खेळाडूंनी त्या वाटपाला न्यायालयात आव्हान दिले आहे.