जॉर्ज टाउनमध्ये काय खायचं, कसं खायचं
पेनांगच्या सहलीला येणाऱ्या कुटुंबांसाठी माहितीपत्रक

बुकिंग झालं की पहिला प्रश्न जेवणाचाच येतो. आई शाकाहारी आहेत, धाकटा तिखट खात नाही, बाबांना मासे लागतात. मलेशियात या सगळ्यांचं कसं जमायचं? प्रश्न रास्त आहे, म्हणून निघण्याआधीच हे पत्रक तुमच्या हाती देत आहोत. घरातल्या मोठ्यांनाही वाचून दाखवा.

या सहलीत आम्ही सोबत आचारी नेत नाही. हॉटेलातला नाश्ता आणि रात्रीचं जेवण पॅकेजमध्ये आहे. दुपारचं जेवण आणि संध्याकाळचं खाणं मुद्दाम मोकळं ठेवलं आहे. खुद्द मलेशियातली माणसं सुट्टी काढून पेनांगला येतात ती खाण्यासाठी. १७८६ मध्ये इंग्रजांनी हे बंदर वसवलं, तेव्हापासून चिनी, मलय आणि तमिळ लोक इथे शेजारीशेजारी राहत आले, आणि एकमेकांच्या चुलीवरचं उचलत गेले. २००८ मध्ये युनेस्कोने पेनांगच्या या मुख्य शहराला, जॉर्ज टाउनला, मलाक्कासोबत जागतिक वारसा यादीत घेतलं. त्या जुन्या गल्ल्या आम्ही दाखवणार आहोतच. पण तिथे जाऊन तीन वेळा पनीरची भाजी खाऊन परत यावं, हे आम्हाला पटत नाही.

टेबल एक, ठेले अनेक

आपल्यासारख्या मोठ्या कुटुंबांना इथली पद्धत फार सोयीची आहे. कोपीटियाम म्हणजे जुन्या वळणाचं चहा-कॉफीचं दुकान. दुकानदार फक्त पेयं विकतो. त्याच्या जागेत वेगवेगळे ठेले लागलेले असतात आणि प्रत्येक ठेला बहुधा एकच पदार्थ करतो, वर्षानुवर्षं तोच. आधी टेबल धरायचं, त्याचा नंबर लक्षात ठेवायचा, मग हव्या त्या ठेल्यावर जाऊन पदार्थ आणि नंबर सांगायचा. ताटली टेबलावर आली की त्या ठेल्याचे पैसे तिथल्या तिथे रोख द्यायचे. त्यामुळे आजी, नातू आणि जावई तिघं तीन ठिकाणचं मागवूनही एकत्र बसून जेवू शकतात.

पेयाची ऑर्डर घ्यायला दुकानाचा माणूस टेबलापाशी येतो. त्याच्याकडून माणशी एक काहीतरी घ्यावं, कारण बसायची जागा त्याची असते. आपल्या पाण्याच्या बाटल्या काढून बसणं तिथे बरं दिसत नाही. चहा-कॉफीत आटवलेलं गोड दूध असतं. साखर बेताची हवी तर ‘कुरांग मानिस’ म्हणा. बिनदुधाचा चहा हवा तर ‘तेह ओ’.

एका ठेल्यावरची ताटली साधारण १० रिंगिटच्या (मलेशियाचं चलन) आसपास पडते. ताटल्या लहान असतात, तेव्हा सुरुवातीला दोन-तीनच मागवा, वाटून खा, आवडेल ते पुन्हा घ्या. संध्याकाळी गर्नी ड्राइव्हचं हॉकर सेंटर, म्हणजे एकाच जागी भरणारे खाण्याचे ठेले, ऐसपैस आहे, ज्येष्ठांना तिथे बसायला बरं. चवीचं विचाराल तर आमचा कौल लोरोंग बारू, म्हणजे न्यू लेन, आणि किंबर्ली स्ट्रीटला.

कोकणातल्या मंडळींनी आधी आसाम लाक्सा खावा

मासे खाणाऱ्यांना आमचा आग्रह या एका पदार्थाचा आहे. आसाम लाक्सा म्हणजे आंबट रश्श्यातल्या तांदळाच्या जाड शेवया. रश्श्यातला मासा बहुतेक ठिकाणी ‘इकान केंबुंग’ असतो, आणि तो दुसरातिसरा कुणी नसून आपल्या बांगड्याच्याच कुळातला आहे. बांगडा उकडून, काटे काढून, कुस्करून रश्श्यात मिसळतात. आंबटपणाला चिंच असतेच, शिवाय ‘आसाम केपिंग’ नावाची वाळवलेली फळाची चकती घालतात. ते झाड आमसुलाच्या झाडाचं भावंड आहे, दोन्ही गार्सिनिया जातीची. तिखलं खाऊन वाढलेल्या माणसाला पहिल्या घोटातच ओळख पटते. पुढे मात्र वाट वेगळी होते: गवती चहा, रानटी आल्याच्या फुलाचा सुगंध, पुदिना, अननसाचे आणि काकडीचे काप, आणि वरून चमचाभर काळी, दाट, गोडसर कोळंबीची चटणी. या चटणीचा वास उग्र असतो. ती वेगळी द्यायला सांगा, चाखून पाहा, मग मिसळा. नारळाचं दूध यात नसतं, त्यामुळे दुपारच्या उकाड्यातही जड होत नाही.

चार क्वे तियाव मुलांना हमखास आवडतो. तांदळाच्या रुंद पट्ट्या, कोळंबी, अंडं आणि मोड आलेले मूग मोठ्या आचेवर झटपट परततात. चांगला ठेलेवाला एका वेळी एक-दोनच ताटल्या करतो, म्हणून रांग लागते, ती लावावी. यात शिंपले घालतात आणि ते अर्धवटच शिजवतात. मुलांच्या ताटलीत ते नकोत. ‘तक माऊ केरांग’ म्हटलं की वगळतात.

नासी कांदार हा तमिळ मुसलमानांचा भात. पूर्वी विक्रेते खांद्यावर कावड घेऊन बंदरावर फिरत, एका टोकाला भात, दुसऱ्याला कालवणं. आज दुकानं झाली, पण वाढण्याची रीत जुनीच: भातावर कोंबडी, मासा किंवा भेंडी ठेवून वरून चार-पाच कालवणांचे रस एकत्र ओततात. खरी चव त्या मिसळलेल्या रसात आहे.

शाकाहारी मंडळींसाठी, स्पष्टपणे

दिसायला शाकाहारी असलेले बरेच पदार्थ इथे तसे नसतात. हिरव्या भाजीच्या परतवणीत बेलाचान, म्हणजे आंबवून वाळवलेल्या बारीक कोळंबीची वडी, पडलेली असते. सांबल या लाल चटणीतही तीच. फळांचा रोजाक पाहून आजींना वाटेल की ही तर फळांची कोशिंबीर. पण त्याच्या वरचा काळा रस कोळंबीचा असतो. सूप मागवूच नका, त्याचा मूळ रस्सा हाडांचा किंवा कोळंबीच्या डोक्यांचा असतो. नासी कांदारच्या दुकानात भाजी आणि मटण एकाच पळीने वाढतात.

मग खायचं काय? सोपी वाट लिटल इंडियाची. १८३३ च्या श्री महामारियम्मन मंदिराच्या आसपास केळीच्या पानावरचं जेवण, डोसा, इडली मिळते आणि तमिळ येत असेल तर गप्पाही होतात. सकाळी पुतु मायम शोधा: शिरवाळ्यांसारख्या तांदळाच्या शेवया, सोबत ओलं खोबरं आणि गूळ. रोटी चनाई हा पदर सुटणारा पराठा छान लागतो, फक्त ‘डाळच हवी, फिश करी नको’ असं बजावून सांगा, कारण दोन्ही एकत्र वाढायची सवय आहे. पिठात कधी कधी अंडं असतं, तेही विचारा.

आम्हाला जास्त आवडणारी वाट मात्र चिनी बौद्ध शाकाहारी जेवणाची. भात घ्यायचा आणि मांडलेल्या भाज्यांतून हवं ते ताटात वाढून घ्यायचं. कडक पथ्य पाळणारे तिथे कांदा-लसूणही वापरत नाहीत, त्यामुळे जैन ग्राहकांची बरीच सोय होते. कंदमुळं आणि मशरूम मात्र पाहून वगळावी लागतात. सोया आणि गव्हातल्या ग्लुटेनपासून (चिकट प्रथिनापासून) केलेले पदार्थ अगदी मांस-माशासारखे दिसतात. घरातल्या ज्येष्ठांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ताट पाहून ते उठून जातील. एअर इतामच्या केक लोक सी मंदिरातही शाकाहारी जेवण मिळतं.

चिनी महिन्याच्या १ आणि १५ तारखेला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, बरेच चिनी लोक शाकाहार पाळतात आणि असे ठेले गजबजतात. त्यांच्या नवव्या महिन्यातले पहिले नऊ दिवस ‘नऊ सम्राट देवां’चा उत्सव असतो. पांढरे कपडे घालून लोक व्रत करतात आणि शाकाहारी ठेल्यांवर पिवळे झेंडे लागतात. २०२३ आणि २०२४ मध्ये हा उत्सव आणि आपलं नवरात्र एकाच दिवशी सुरू झालं होतं. शाकाहारी कुटुंबांना तारखा निवडता येत असतील तर आम्ही हाच काळ सुचवतो. तेव्हा पाऊस असतो, छत्री घ्या.

गोडाला चेंडोल निर्धास्त खा: किसलेला बर्फ, नारळाचं दूध, ताडाचा गूळ, राजमा आणि पांडान या सुवासिक वनस्पतीच्या पानांनी हिरव्या केलेल्या शेवया. उपवास असेल तर शहाळं, पपई, पेरू सगळीकडे मिळतात. जायफळाच्या फळाचं सरबत आणि अंबाड्याच्या जातीतल्या आंबरा फळाचं सरबत चुकवू नका.

जिथे विचारल्याशिवाय खायचं नाही

मलय आणि तमिळ मुसलमानांच्या ठेल्यांवर डुकराचं मांस नसतं, पण गोमांस असतं. ‘दागिंग’ किंवा ‘लेंबू’ लिहिलेलं असेल तर ते गोमांस समजा. ‘कांबिंग’ म्हणजे बकऱ्याचं, ‘आयाम’ म्हणजे कोंबडी. चिनी ठेल्यांवर ‘बाबी’, म्हणजे डुकराचं मांस, आणि त्याची चरबी सर्रास वापरतात. चार क्वे तियाव आणि होक्किएन मी (कोळंबीच्या रश्श्यातल्या नूडल्स) या दोन्हींत ती असू शकते आणि न विचारता कुणी सांगत नाही, कारण त्यांच्या लेखी ते गृहीतच आहे. चरबी नको असेल तर हेच नूडल्स मुसलमान ठेल्यावर घ्या.

कोळंबी किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांनी इथे फार जपावं. साते (काडीला लावून भाजलेलं मांस) आणि पासेम्बुर (तळलेल्या वड्या आणि काकडीची कोशिंबीर) यांच्या रसात शेंगदाणे असतात, आणि कढई एकच असते. अशा व्यक्तीचं जेवण आम्ही वेगळं ठरवून देतो.

रमजानमध्ये मुसलमानांची बरीच दुकानं दिवसा बंद असतात, संध्याकाळी मात्र बाजार भरतात. चिनी नववर्षात चिनी ठेले काही दिवस बंद असतात. त्या आठवड्यात खाण्यासाठी पेनांगला येऊ नका, असं आम्ही ग्राहकांना सांगतो.

फॉर्मच्या दुसऱ्या पानावर प्रत्येकाच्या नावासमोर लिहा: काय चालत नाही, कसली ॲलर्जी आहे, उपवासाचे वार कोणते, मधुमेह आहे का. त्यावरून मलय आणि चिनी भाषेत छापलेलं एक कार्ड आम्ही प्रत्येकाला देतो. ठेल्यावर तेच दाखवायचं. फॉर्म निघण्याच्या पंधरा दिवस आधी आमच्याकडे पोहोचवा, म्हणजे कार्ड वेळेत छापून होतील.